प्रोसेसर आला, कुलर राहिला : डेस्कटॉप प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
डेस्कटॉप प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन व विक्री विभाग

स. न. वि. वि.

“मावशी, यात कुलर कुठे ठेवलाय?”

माझ्या भाच्याचा हा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. बरेच महिने पैसे साठवून तो स्वतःचा पहिला कॉम्प्युटर जोडत होता. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसला होता, रॅमच्या पट्ट्या दोन्ही टोकांना टक् वाजून बसल्या होत्या, एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरी मागच्या बाजूला दडवून झाल्या होत्या. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवून त्यावरची दांडीही त्याने श्वास रोखून दाबली होती. (पहिल्यांदा ती दाबताना जो करकर आवाज येतो, तो ऐकून भलेभले हात मागे घेतात.) आता प्रोसेसरवर काय बसवायचं ते सापडेना, म्हणून त्याने तुमचं खोकं पुन्हा उघडलं, आतला पुठ्ठा उपसला, खोकं उलटं धरून झटकलं. एक स्टिकर पडला आणि एक घडी घातलेला कागद.

वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरच्या खोक्यात कुलर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढणारा धातूचा ठोकळा आणि त्यावरचा पंखा, नसतोच, हे मी त्याला सांगितलं. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “एकदाच चालू करून बघू का? दोनच मिनिटं. नुसतं स्क्रीनवर काही येतंय का बघायला.”

मी नको म्हटलं. चालू कॉम्प्युटरवरून हीटसिंक (कुलरचा धातूचा ठोकळा) काढल्यावर एएमडीच्या ॲथलॉन प्रोसेसरमधून धूर निघतानाचा व्हिडिओ २००१ साली लोकांनी डोळे विस्फारून पाहिला होता, ते दिवस आता गेले. आजचा प्रोसेसर तापला की वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर स्वतःच बंद होतो. पण म्हणून उघड्या प्रोसेसरवर वीज सोड, असं मी कुणालाच सांगणार नाही. कुलर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस एक पूर्ण जोडलेला, नवाकोरा कॉम्प्युटर त्याच्या टेबलावर पोतं पांघरून बसला होता.

मुलगा निष्काळजी नव्हता. कोणत्या खेळात किती फ्रेम मिळतात इथपासून कोणती रॅम चालते इथपर्यंत त्याने सगळं वाचलं होतं. ‘कुलर समाविष्ट नाही’ हे वाक्यही खोक्यावर होतं. बाजूला, अनुक्रमांकाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

आता माझ्याबद्दल. मी ध्वनिसंपादनाचं काम करते आणि गेली बारा वर्षं माझे कॉम्प्युटर मीच जोडते. माझ्या कामाच्या खोलीत पंख्याची घरघर चालत नाही, त्यामुळे तुमच्या खोक्यातून आलेला कुलर मी कधी आवडीने वापरला, असं झालेलं नाही. माझ्या खणात असे चार कुलर पडून आहेत. तेव्हा तुमचं नेहमीचं उत्तर मला तोंडपाठ आहे : वरच्या श्रेणीचा प्रोसेसर घेणारा माणूस स्वतःच्या पसंतीचा कुलर घेतो, आम्ही दिलेला खणात जातो, मग ते ॲल्युमिनियम, ते तांबं आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च वाया का घालवायचा?

हे उत्तर खोटं नाही. माझा खणच त्याची साक्ष देईल. पण त्याच खणाने मला एकदा वाचवलं आहे, तेही सांगते.

एका मोठ्या कामाची मुदत सहा दिवसांवर आली असताना माझ्या लिक्विड कुलरचा, म्हणजे द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणाऱ्या कुलरचा, पंप बंद पडला. काही कळायच्या आत प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांना टेकलं आणि कॉम्प्युटर गोगलगाईसारखा चालायला लागला. माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. दुसरा कुलर मागवला तर तो आठवड्याने येणार. मग खण उघडला. जुन्या प्रोसेसरबरोबर आलेला, कधीच न वापरलेला कुलर बाहेर काढला. खाली उष्णता वाहून नेणाऱ्या करड्या पेस्टचे तीन पट्टे कारखान्यातून लावून आले होते तसेच होते, जरा कडक झाले होते एवढंच. ते पुसून नवी पेस्ट लावली. मदरबोर्डची भोकं दोन्ही पिढ्यांत सारख्याच अंतरावर होती. चारही काळे पाय एकाआड एक कोपऱ्यात दाबले. बोर्ड थोडा वाकतो, पोटात गोळा येतो, मग टक्. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरला ६५ वॉटची मर्यादा घातली आणि कामाला बसले. काम हळू झालं, पंखा सहाही दिवस कोकलत होता, मी हेडफोन काढला नाही. पण मुदत पाळली.

त्या दिवसापासून मी त्या कुलरला स्टेपनी म्हणते. स्टेपनीवर कुणी शर्यत जिंकायला जात नाही. ती डिकीत धूळ खात पडते म्हणून ‘लोक वापरतच नाहीत’ असा निष्कर्षही कुणी काढत नाही. तुम्ही मात्र नेमका तोच काढला आहे.

आता तक्रारी. पहिली तक्रार अशी, की कुलर का काढला याचं जे कारण लोकांना सांगितलं जातं, त्याचा तुमच्याच आकड्यांशी मेळ बसत नाही. म्हणतात, प्रोसेसर आता इतके तापतात की खोक्यातला कुलर पुरणारच नाही. ठीक आहे, आकडे पाहू. वॉट म्हणजे प्रोसेसर किती वीज खातो, आणि पर्यायाने किती तापतो, याचा कंपनीने दिलेला आकडा. इंटेलचा २०१४ चा आय७-४७९०के ८८ वॉटचा होता, त्याच्यासोबत कुलर मिळायचा. २०१५ चा आय७-६७००के ९१ वॉटचा. कुलर गायब. या तीन वॉटांत असं काय घडलं? २०११ चा आय७-२६००के आणि २०१८ चा आय९-९९००के, दोघांच्याही कागदावर ९५ वॉटच लिहिलेले. पहिल्याला कुलर, दुसऱ्याला नाही. एएमडीनेही यात मागे राहायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. २०१९ चा रायझन ७ ३८००एक्स १०५ वॉटचा, सोबत रेथ प्रिझम हा चांगला, चार हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) कुलर. २०२० चा रायझन ७ ५८००एक्स, तोही १०५ वॉटचाच, त्याचं खोकं रिकामं. आणि २०२४ मध्ये रायझन ५ ९६००एक्स आला. हा जेमतेम ६५ वॉटचा, म्हणजे उष्णतेचं निमित्त सांगायलाही जागा नाही. तरीही बाजारात येताना कुलर नाही. तोच ६५ वॉटचा आकडा मिरवणारा रायझन ५ ७६०० मात्र कुलरसकट विकला गेला.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई, कागदावरचे वॉट वेगळे आणि खरे वॉट वेगळे. अगदी बरोबर, त्याकडे येतेच. पण मग दुसरी उदाहरणं घ्या. आय९-१२९०० हा के नसलेला प्रोसेसर (नावातला के म्हणजे वेग वाढवायची मोकळीक असलेला वरचा प्रकार). मूळ वॉट ६५, पण टर्बोला, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवताना, २०२ वॉटपर्यंत जाऊ शकतो. त्याच्यासोबत इंटेलने स्वतःचा लॅमिनार आरएच१ कुलर दिला. २०२ वॉट तो कुलर सतत झेपवू शकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी बिघडलं काहीच नाही, कारण प्रोसेसर कुलर पाहून आपला वेग आवरतो. एएमडीचा रायझन ९ ७९०० आणि ७९००एक्स हे दोन्ही बारा कोअरचे सख्खे भाऊ. एक ६५ वॉटला लावून रेथ प्रिझमसह दिला, दुसरा १७० वॉटला लावून कुलरशिवाय. तोच ७९००एक्स बायोसमध्ये इको मोडला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या सेटिंगला, टाकला, की ६५ वॉटवर मुकाट्याने चालतो. म्हणजे वरच्या श्रेणीचा प्रोसेसर साध्या कुलरवर सुरू करता येतो, सुरक्षित चालवता येतो आणि हे तुम्ही स्वतःच करून दाखवलेलं आहे. तांत्रिक अडचणीचं कारण कृपा करून पुन्हा देऊ नका. खर्च वाचतो म्हणून काढला असं सरळ सांगितलंत, तर मी निदान तुमच्या प्रामाणिकपणाला दाद देईन.

आणि चांगला कुलर देणं तुम्हाला जमत नाही, हेही मला मान्य नाही. २०१० चा आय७-९८०एक्स आठवतो का? १३० वॉटचा, त्या वेळचा सगळ्यात वरचा प्रोसेसर. त्याच्या खोक्यात टॉवरसारखा उभा, हीटपाइपवाला कुलर होता आणि पंखा शांत हवा की जोरात, हे निवडायला वर एक छोटं बटणही. अत्युच्च श्रेणीच्या ग्राहकाला कुलर लागतो असं तेव्हा तुम्हालाच वाटत होतं. तो ग्राहक अजून आहे. बटण गेलं, कुलरही गेला.

दुसरी तक्रार वॉटच्या आकड्यांची. कुलर द्यायचा नसेल, तर तो निवडायला लागणारी माहिती तरी धड द्या. एएमडीच्या खोक्यावर १७० वॉट असतं, प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत ओढले जातात. १०५ लिहिलं की १४२ समजायचे, ६५ लिहिलं की ८८. हा हिशेब माहितगारांना पाठ असतो, पहिल्यांदा घेणाऱ्याला कसा असेल? इंटेलने २०२१ पासून मूळ आणि कमाल असे दोन आकडे द्यायला सुरुवात केली, हे पाऊल चांगलंच होतं. आय९-१२९००के ला १२५ आणि २४१. पण दुकानात, जाहिरातीत आणि लोकांच्या तोंडी मोठ्याने फिरतो तो लहान आकडा. त्यात कुलरवाल्या कंपन्या स्वतःच्या कुलरवर ‘१५० वॉट’, ‘२२० वॉट’ असं छापतात, ते कोणत्या प्रोसेसरवर, किती तापमानाला, पंखा किती वेगात असताना मोजलं याला एकसारखं मोजमाप नाही. तुमचा वॉट एका तराजूतला, त्यांचा वॉट दुसऱ्या. मध्ये उभा आहे माझा भाचा, हातात कॅबिनेटचं मापपत्रक घेऊन. त्यात लिहिलंय कुलरची उंची १६० मिलिमीटरच्या आत हवी आणि सगळे ज्याची शिफारस करतात तो नॉक्टुआ या कुलर बनवणाऱ्या कंपनीचा एनएच-डी१५ आहे १६५ चा. वर पंख्यांसकट वजन १३२० ग्रॅम. पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्याने सव्वा किलोहून जड धातूचं धूड मदरबोर्डला लटकवूनच सुरुवात करावी, असं तर तुमचं म्हणणं नसेल ना?

गंमत अशी, की हा प्रश्न काही मदरबोर्डनाही पडतो. पहिल्यांदा चालू होताना ते विचारतात : कुलर कोणता? बॉक्स कुलर, टॉवर कुलर की वॉटर कुलर? त्या यादीतला पहिला पर्याय, खोक्यातला कुलर, वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरसाठी अस्तित्वातच नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्यांना जे सुचलं, म्हणजे कुलर विचारून मगच वीज सोडायची, ते प्रोसेसर बनवणाऱ्यांना सुचू नये?

तिसरी तक्रार छोटी आहे, पण बोचते. खर्च आणि कचरा वाचवायला कुलर काढला म्हणता, तर मग आय९-९९००के बारा बाजूंच्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात का बसवला होता? एखादं रत्न असावं तसा. आय९-१२९००के तर चकाकत्या तबकडीत घालून आला. शोकेसमध्ये ठेवायला छान. पण ते प्लास्टिक ना उष्णता काढतं ना अडचणीला उपयोगी पडतं. माझ्या खणातल्या चार कुलरांपैकी एकाने मला सहा दिवस तारलं. त्या बारा बाजूंच्या डब्यात माझ्या एका मैत्रिणीने पेनं ठेवली आहेत.

चौथी तक्रार भोकांची आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. स्टेपनीचं कौतुक करून झाल्यावर दोन वर्षांनी मी नवा प्रोसेसर घेतला. वरच्या श्रेणीचा, अर्थातच कुलरशिवाय. मनात म्हटलं, खणात चार आहेत, चिंता नाही. इंटेलच्या एलजीए११५६ या सॉकेटपासून एलजीए१२०० पर्यंत कुलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एका दशकाहून जास्त काळ. त्यानंतरच्या एलजीए१७०० ला ते ७८ केलं. कुलर बोर्डावर धरून पाहिला. प्रत्येक पाय आपापल्या भोकाच्या बाजूला, दीड मिलिमीटर आत, भोकाच्या काठावर उभा. एक पाय घातला की समोरचा बाहेर. चारही कुलर एका दिवसात भंगार झाले. सॉकेट बदलण्यामागे कारणं असतील, प्रोसेसरचा आकार बदलला होता हे दिसतंच. पण ज्या पिढीत जुना कुलर निकामी केलात, त्याच पिढीत के प्रोसेसरसोबत नवाही दिला नाहीत, हे जुळून आलं की जुळवलं? एएमडीने याच बाबतीत शहाणपणा दाखवला : एएम४ सॉकेटचे बरेचसे कुलर २०२२ च्या एएम५ सॉकेटवर चालतात. आणि नॉक्टुआ नव्या सॉकेटसाठी लागणारे पाय जुन्या ग्राहकाला खरेदीचा पुरावा दाखवल्यावर फुकट पाठवते. एका कुलरवाल्या कंपनीला हे परवडतं.

मागण्या सांगण्याआधी एका जुन्या गोष्टीची आठवण करून देते. पूर्वी प्रोसेसर दोन तऱ्हांनी मिळायचा : ट्रे आणि बॉक्स. ट्रेमधला कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांसाठी, नुसता. बॉक्समधला माझ्यासारख्यांसाठी, कुलर आणि तीन वर्षांच्या वॉरंटीसह. बॉक्स या शब्दाला तेव्हा अर्थ होता. आज वरच्या श्रेणीत बॉक्स म्हणजे ट्रेमधला प्रोसेसर, एक स्टिकर आणि वॉरंटीचा कागद.

माझं म्हणणं असं नाही की प्रत्येक खोक्यात कुलर कोंबा. माझ्या खणात पाचवा कुलर मलाही नको आहे. वरच्या श्रेणीचा प्रत्येक प्रोसेसर दोन खोक्यांत विका, एक कुलरसह आणि एक कुलरशिवाय, आणि दोन्हींच्या किमतीतला फरक कुलरच्या खर्चाएवढाच ठेवा. ज्याला नको तो घेणार नाही, ज्याला हवा त्याला मिळेल. नावात के (इंटेल) किंवा एक्स (एएमडी) नसलेल्या साध्या प्रोसेसरांसाठी हे कुलर तुम्ही बनवताच आहात. नवीन साचा पाडायचा नाही, नवीन कारखाना उभारायचा नाही.

दोन खोकी जमत नसतील, तर साधा कुलर सुटा विकायला ठेवा, आणि प्रत्येक चालू सॉकेटसाठी तो किती वर्षं मिळत राहील हे जाहीर करा. पंप मेला, पंखा अडकला, दुसरा यायला आठवडा आहे, अशा माणसाला एवढंच हवं असतं.

कुलर नसलेल्या खोक्याच्या दर्शनी बाजूला, प्रोसेसरच्या नावाएवढ्या अक्षरात नको, पण निदान त्याच्या अर्ध्या अक्षरात लिहा : यात कुलर नाही. खाली कमाल वॉट. मूळ वॉट नव्हे, कमाल. पुढे एक ओळ, की एवढी उष्णता काढणारा कुलर घ्यावा. हे छापायला एका थेंबाहून जास्त शाई लागणार नाही.

पहिल्यांदा चालू होताना प्रोसेसर कमी वॉटवर सुरू होऊ द्या. ग्राहकाने ‘माझा कुलर मोठा आहे’ असं बायोसमध्ये सांगितलं, की मगच मर्यादा उठवा. इको मोड तयार आहे, मदरबोर्डवाले प्रश्न विचारतातच आहेत. दोघांनी एका टेबलावर बसून ठरवायचं काम आहे. आणि कुलरची भोकं बदलणार असाल, तर त्या पहिल्या पिढीत प्रत्येक प्रोसेसरसोबत, के असो की नसो, निदान जुन्या कुलरसाठी नवे पाय तरी द्या. २०१७ साली थ्रेडरिपर या आपल्या अत्युच्च श्रेणीच्या पहिल्या प्रोसेसरच्या खोक्यात एएमडीने १८० वॉटच्या प्रोसेसरला कुलर दिला नव्हता, पण लिक्विड कुलर बसवायची चौकट आणि ठरावीक जोरालाच थांबणारा स्क्रू ड्रायव्हर दिला होता. कुलर न देताही ग्राहकाची काळजी कशी घ्यायची, याचं इतकं नेटकं उदाहरण तुमच्याच उद्योगात आहे. ते साध्या ग्राहकाच्या प्रोसेसरपर्यंत का पोहोचलं नाही, हे मला कोडं आहे.

या पत्राला उत्तर देणार असाल, तर ‘आमचे ग्राहक स्वतःचा कुलर पसंत करतात’ या वाक्याने सुरुवात करू नका. मीही तुमची ग्राहकच आहे आणि स्वतःचा कुलर पसंत करते. वर मागितलेल्यांपैकी काय जमेल, काय जमणार नाही आणि कोणत्या पिढीपासून, एवढं लिहा. भाच्याचा कॉम्प्युटर आता चालू आहे. पुढचा प्रोसेसर घ्यायचा म्हणून तो पैसे साठवतोय आणि खोक्याचे फोटो मला आधीच पाठवतो, चारही बाजूंचे, बारीक अक्षरं वाचता येतील इतके जवळून काढलेले.

कळावे,

आपली,
खणात चार कुलर असलेली एक ग्राहक